न आपटता तडकलेली झाकणं: पॉलिकार्बोनेटच्या एका भागाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विजेच्या छोट्या नियंत्रण-पेटीवर बसणारं एक पारदर्शक झाकण. तळहाताहून थोडं मोठं, भिंतीची जाडी ३ मिमी, आतल्या बाजूला चार कोपऱ्यांत चार बॉस, म्हणजे स्क्रू बसण्यासाठी भोक असलेले उंचवटे. पेटीच्या पत्र्यातून मागून येणारे सेल्फ-टॅपिंग स्क्रू या बॉसमध्ये स्वतःचे आटे पाडत घुसतात आणि झाकण पेटीवर आवळलं जातं. एक कारखाना हे झाकण इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून, बनवतो, दुसरा त्याची जोडणी करतो. दोघांमधला वाद चिघळल्यावर मोल्डिंगवाल्यांनी मला बोलावलं. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

या झाकणासाठी पॉलिकार्बोनेट निवडण्यात काहीच गैर नव्हतं. आतले आकडे बाहेरून दिसायला हवेत, पेटी तापते, आणि दुरुस्ती करताना हातातलं अवजार निसटून झाकणावर पडलं तरी ते फुटून आतला वीजप्रवाह असलेला भाग उघडा पडता कामा नये. साधारण ८८ टक्के प्रकाश आरपार जाऊ देणारं, १४७ अंश सेल्सियसच्या आसपास पोचेपर्यंत मऊ न पडणारं आणि तरीही मार झेलणारं दुसरं नेहमीच्या वापरातलं प्लास्टिक सहज सापडत नाही. १९५३ मध्ये जर्मनीत बायरमध्ये हर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांच्या नकळत ते तयार केलं, आणि पुढे बाजारात आलं ते न फुटणारं प्लास्टिक म्हणूनच. या प्रकरणात सगळ्यांचा सुरुवातीचा विचार त्या ख्यातीवर उभा होता. पॉलिकार्बोनेट फुटत नाही; हे फुटलं; म्हणजे यात काहीतरी भेसळ आहे.

अडचण

जोडणी झालेल्या पेट्या गोदामात उभ्या होत्या. दोन-तीन आठवड्यांनी माल बाहेर काढताना काही झाकणांच्या बॉसभोवती तडे दिसले. कोणी आपटलं नव्हतं, कशाचा भार नव्हता. मोल्डिंगच्या जागी प्रत्येक लॉटमधली काही झाकणं रोज स्टीलचा गोळा टाकून तपासली जात होती आणि सगळी पास होती. न जोडलेली झाकणं महिनोन्‌महिने कपाटात तशीच धडधाकट होती.

जोडणीवाले म्हणाले, दाणा, म्हणजे झाकण ज्यापासून बनतं ते कच्चं प्लास्टिक, खराब. दाणा पुरवणाऱ्यांनी लॉटचं प्रमाणपत्र पाठवलं, त्यात सगळे आकडे जागेवर. मोल्डिंगवाले म्हणाले, तुम्ही स्क्रू जास्त आवळता. गंमत म्हणजे, यातलं कोणतंच वाक्य तपासून केलेलं नव्हतं, पण त्यावर निर्णय मात्र झाला: मोल्डिंगवाल्यांनी नातं टिकवायला सगळा लॉट बदलून दिला. बदलून दिलेली झाकणंही काही आठवड्यांत तडकली, आणि आता जोडणीवाल्यांच्या हातात ‘पुरावा’ आला.

पहिली पाहणी

तुटलेला बॉस भिंगाखाली धरला की बरंच कळतं. पॉलिकार्बोनेट जोराच्या माराने किंवा ओढीने तुटतं तेव्हा ते आधी ताणलं जातं. कडा ओढल्यासारख्या, पातळ झालेल्या दिसतात. इथे तसं काही नव्हतं. तड्याचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, कडा धारदार, आणि सुरुवात बॉसच्या भोकाच्या आतून, आट्याच्या अगदी तळाशी. तिथून तडा उभा वर चढत झाकणाच्या सपाट भागात शिरलेला. ताण सतत लागून आहे आणि एखादं रसायन त्या जागी पोचलं आहे, अशा वेळी अगदी असाच तडा जातो. याला स्ट्रेस क्रॅकिंग म्हणतात आणि स्फटिकरचना नसलेल्या प्लास्टिकांमध्ये, विशेषतः पॉलिकार्बोनेटमध्ये, तो ओळखीचा आजार आहे. प्लास्टिक विरघळत नाही. त्याच्या रेणूंच्या ताणलेल्या लांब साखळ्यांच्या मध्ये द्रव शिरतो, त्या एकमेकींवरून सरकायला मोकळ्या होतात आणि एरवी कितीतरी जास्त ताण सोसणारा भाग थोड्याच ताणाखाली उकलतो.

आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेक तडे बॉसच्या एकाच बाजूला होते, गेटच्या, म्हणजे साच्यात प्लास्टिक जिथून शिरतं त्या तोंडाच्या, विरुद्ध बाजूला. वितळलेलं प्लास्टिक भोकाच्या पिनला वळसा घालून पलीकडे जिथे भेटतं तिथे वेल्ड लाइन पडते. ती रेघ त्या बॉसची सगळ्यात कच्ची जागा असते, आणि डाय, म्हणजे साचा, थंड असेल तर आणखी कच्ची.

म्हणून तीन गोष्टी तपासायचं ठरलं: साखळ्यांची लांबी, भागात कोंडलेला ताण आणि बॉसला कोणकोणते द्रव लागतात ते.

तपासात काय निघालं

साखळ्यांच्या लांबीचा अंदाज मेल्ट फ्लोवरून येतो. ३०० अंश आणि १.२ किलो भाराखाली १० मिनिटांत किती ग्रॅम वाहतं ते मोजतात. साखळ्या तुटल्या की आकडा वाढतो. दाण्यांचा आकडा प्रमाणपत्राशी जुळला. म्हणजे दाणा पुरवणारे खरं बोलत होते. चांगल्या जुन्या लॉटच्या झाकणांमध्ये आकडा थोडाच वाढलेला होता. मोल्डिंगमधून जाताना एवढी झीज होतेच. तडकलेल्या लॉटच्या झाकणांचा आकडा मात्र दाण्याच्या दीडपटीच्या वर गेला होता. प्लास्टिक या कारखान्यातच, दाणा ओतायचा हॉपर आणि वितळलेलं प्लास्टिक डायमध्ये सोडणारं नोझल यांच्या मध्ये कुठेतरी खराब झालं होतं.

इथे ड्रायरचा विषय आला. पॉलिकार्बोनेट २८० ते ३२० अंशांवर वितळवून भरतात आणि त्या तापमानाला दाण्यात राहिलेलं किंचित पाणीही साखळीतले कार्बोनेट दुवे तोडतं. म्हणून १२० अंशांवर साधारण चार तास सुकवून ओलावा ०.०२ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. ड्रायरच्या पॅनलवर १२० दिसत होतं आणि ते खरंही होतं. पण आत फिरणारी हवा कोरडी नव्हती. ओल शोषणारा डेसिकंट थकला होता आणि ड्यू पॉइंट, म्हणजे हवा किती कोरडी आहे ते, दाखवणारा मीटर बंद होता. गरम पण दमट हवेने दाणा तापतो, सुकत नाही. त्यात रीग्राइंड, म्हणजे दळून पुन्हा वापरायचं प्लास्टिक, न सुकवता थेट हॉपरमध्ये ओतलं जात होतं, आणि हॉपरचं झाकण दिवसभर उघडं.

कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? झाकणांवर चांदीसारख्या रेषा दिसत नव्हत्या, म्हणून दाणा कोरडा आहे असं सगळे धरून चालले होते. हा समज फार पसरलेला आहे आणि महागात पडतो. रेषा दिसतात त्या ओल बरीच जास्त असेल तेव्हा. त्याहून कमी ओलीत साखळ्या तुटतात, पण भाग काचेसारखा स्वच्छ निघतो. उलट तुटक्या साखळ्यांचं प्लास्टिक जास्त पातळ वाहतं, डाय सहज भरतो. रात्रपाळीचा ऑपरेटर मला म्हणाला, “साहेब, हा लॉट तर एकदम मस्त चालला होता, प्रेशर कमी करावं लागलं.” त्याने न विचारता दिलेली ही माहिती त्या आठवड्यातल्या कोणत्याही कागदापेक्षा मोलाची होती. पॉलिकार्बोनेट अचानक सोपं चालायला लागलं की मशीन थांबवून मेल्ट फ्लो मोजावा, असं मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी सांगतो.

दुसरी तपासणी कोंडलेल्या ताणाची. दोन पोलरायझर (प्रकाश गाळणारे पडदे) आडवे-उभे धरून मध्ये झाकण ठेवलं की ताण रंगीत पट्ट्यांच्या रूपात दिसतो. चांगल्या झाकणात रुंद, फिकट पट्टे असतात. इथे गेटजवळ आणि चारही बॉसच्या मुळाशी बारीक, एकमेकांना चिकटलेले पट्टे होते. टोल्युइन आणि एन-प्रोपॅनॉल या द्रावकांच्या मिश्रणात न जोडलेली झाकणं काही मिनिटं बुडवली तेव्हा त्याच जागी केसासारखे तडे उमटले. कारण लपलेलं नव्हतं. मागणी वाढल्यावर सायकल टाइम, म्हणजे एक झाकण बनायला लागणारा वेळ, कमी करायला डायचं गरम पाणी बंद करून साधं पाणी सोडलं होतं. पॉलिकार्बोनेटला डाय ८० ते १२० अंशांच्या दरम्यान लागतो. थंड डायमध्ये वरचा थर झटकन गोठतो, आतलं भरायला होल्डिंग प्रेशर, म्हणजे डाय भरल्यावर धरून ठेवायचा दाब, वाढवावं लागतं, आणि ते दाबलेलं प्लास्टिक तसंच गोठून बसतं. भरत नाही म्हणून बॅरलचं, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीचं, तापमानही ३२५ पर्यंत चढवलं होतं. एका सोयीसाठी पुढचे तीन बिघाड.

तिसरी तपासणी द्रवांची. जोडणीच्या टेबलावर बसून मी नुसतं बघत होतो. कामगार ट्रेमधून स्क्रू उचलतो, डाव्या हातातल्या छोट्या बाटलीतून त्यावर एक थेंब सोडतो, आणि पॉवर स्क्रूड्रायव्हरने गच्च बसवतो. ती बाटली थ्रेडलॉकरची, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाची, होती. कंपनाने स्क्रू सैल होतात अशी तक्रार आल्यावर कोणीतरी तो सुरू केला होता. तो ड्रॉइंगवर नव्हता आणि मोल्डिंगवाल्यांना माहीतही नव्हता.

धातूच्या नट-बोल्टला हा थेंब उत्तम काम करतो. तो हवा तुटली आणि धातू भेटला की घट्ट होतो. बॉसमध्ये धातू एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू प्लास्टिक. त्यामुळे बराचसा थेंब ओलाच राहतो आणि आट्यांमधून हळूहळू तळाशी झिरपतो. त्यातले मेथाक्रिलेट एस्टर पॉलिकार्बोनेटला नेमके बाधतात. सगळ्यात जास्त ताण असलेल्या जागी, बंद भोकात, वाळण्याची सोय नसलेला द्रव. तडा तिथूनच सुरू झालेला होता.

निर्णयाची पहिली जागा: दोष कोणाचा

आता दोन्ही बाजूंना आपापलं उत्तर मिळालं होतं. मोल्डिंगवाले थ्रेडलॉकरवर बोट ठेवून मोकळे व्हायला तयार होते. जोडणीवाल्यांचा प्रश्नही बिनतोड होता: थ्रेडलॉकर आम्ही आधीच्या लॉटलाही वापरला, ती झाकणं का तडकली नाहीत?

यावर बैठका घेण्यापेक्षा एक छोटी चाचणी करायचं ठरलं. चार गट. नीट सुकवलेल्या दाण्याची झाकणं आणि मुद्दाम अर्धवट सुकवलेल्या दाण्याची झाकणं. प्रत्येकात अर्ध्यांना कोरडे स्क्रू, अर्ध्यांना थेंब लावलेले. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सगळ्यांना सारखा. अर्धवट सुकवलेली आणि थेंब लावलेली झाकणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तडकलेली होती. नीट सुकवलेल्या पण थेंब लावलेल्यांपैकी काही झाकणं पुढच्या दिवसांत एकेक करून तडकली. अर्धवट सुकवलेल्या, कोरड्या स्क्रूच्या गटात अगदी तुरळक. चौथ्या गटात काहीच नाही.

म्हणजे थ्रेडलॉकर एकटाही पुरेसा होता, फक्त त्याला वेळ लागत होता. लहान झालेल्या साखळ्यांनी तो वेळ दिवसांवरून तासांवर आणला. लांब साखळ्या एकमेकींत गुंतून तडा अडवून धरतात. तुटल्या की धरायला काही उरत नाही. या निकालानंतर दोघेही पहिल्यांदा एकाच टेबलाच्या एका बाजूला बसले.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय प्लास्टिकच बदलण्याचा. ॲक्रिलिक जास्त स्वच्छ दिसतं, पण अवजार पडलं की फुटतं. रसायनाला जास्त टिकणारं पॉलिकार्बोनेट आणि पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकचं मिश्रण अपारदर्शक असतं. पारदर्शक कोपॉलिएस्टर रसायन चांगलं सोसतं, पण नेहमीच्या ग्रेड या पेटीच्या उष्णतेला पुरत नव्हत्या. हा पर्याय लवकर मागे पडला.

दुसरा पर्याय कमी मेल्ट फ्लोच्या, म्हणजे लांब साखळ्यांच्या ग्रेडचा. स्ट्रेस क्रॅकिंगला ती निश्चित जास्त टिकते. पण ती घट्ट वाहते, आणि थंड डायमध्ये ती भरायला आणखी दाब द्यावा लागला असता. डाय गरम करण्याआधी ही ग्रेड आणली असती तर कोंडलेला ताण वाढला असता. म्हणून ती थांबवून ठेवली.

तिसरा पर्याय जोडणीवाल्यांनी लावून धरला होता: प्रत्येक झाकण ओव्हनमध्ये १२० ते १२५ अंशांवर ठेवून ताण काढून टाका. याला मी ठाम विरोध केला, आणि कारण सांगायला हवं. अशा तापवण्याने, म्हणजे ॲनीलिंगने, मोल्डिंगचा ताण कमी होतो हे खरं, पण स्क्रूचा ताण त्यानंतर येतो आणि इथे मारक तोच होता. शिवाय त्या तापमानाला ठेवलेलं पॉलिकार्बोनेट आतून आणखी घट्ट बसतं आणि मार झेलण्याची त्याची ताकद घटते, म्हणजे ज्या गुणासाठी हे प्लास्टिक निवडलं तोच गमवायचा. आणि तुटलेल्या साखळ्या ओव्हनमध्ये जुळत नाहीत.

चौथा पर्याय बॉसमध्ये पितळेचा इन्सर्ट, म्हणजे आटे असलेली छोटी नळी, बसवण्याचा. डायमध्येच इन्सर्ट ठेवून वर प्लास्टिक भरलं तर थंड होताना पॉलिकार्बोनेट पितळेपेक्षा साडेतीन पटीच्या आसपास जास्त आकसतं आणि इन्सर्टभोवती कायमचं ताणलेलं राहतं. नंतर उष्णतेने बसवलेला इन्सर्ट बरा, पण त्यासाठी बॉसचा आकार बदलावा लागला असता. तो पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवून ठेवला.

काय केलं

थ्रेडलॉकर त्याच दिवशी बंद झाला. स्क्रू सैल होण्याची मूळ तक्रार तशीच उरणार होती, म्हणून प्लास्टिकसाठीचे रुंद पिचचे (आट्यांमध्ये जास्त अंतर असलेले) आणि अरुंद धारेचे स्क्रू आणले. त्यांचे आटे बॉसला बाहेरच्या दिशेने कमी ढकलतात आणि पकड जास्त देतात. पॉवर स्क्रूड्रायव्हरला ठरावीक टॉर्कवर सुटणारा क्लच बसवला. नव्या स्क्रूवरचं तेल धुऊनच ते टेबलावर यावेत असं ठरलं.

मोल्डिंगच्या बाजूला डेसिकंट बदलला, ड्यू पॉइंटचा मीटर चालू केला आणि तो उणे ३० अंशांच्या वर गेला तर मशीन सुरू करायचं नाही असा नियम लावला. रीग्राइंडही ड्रायरमधूनच जाऊ लागलं आणि त्याचं प्रमाण कमी केलं. डाय ९५ अंशांवर नेला. मग होल्डिंग प्रेशर आपोआप उतरवता आलं आणि बॅरल २९५ वर आणता आलं. जेवणाच्या सुटीत मशीन तसंच गरम सोडण्याची सवय होती. ती मोडली, कारण बॅरलमध्ये पडून राहिलेलं प्लास्टिकही खराब होतं. लांब थांबायचं असेल तर बॅरल रिकामं करून १७० अंशांच्या आसपास ठेवावं. पूर्ण थंड होऊ दिलं तर आकसणारं पॉलिकार्बोनेट स्टीलला इतकं घट्ट धरतं की त्याचे कण ओरबाडून काढतं.

निर्णयाची दुसरी जागा: सायकल टाइम

गरम डायमुळे झाकण थंड व्हायला जास्त वेळ लागतो. उत्पादन घटणार हे उघड होतं आणि व्यवस्थापनाने मधला मार्ग सुचवला: डाय ७० वर ठेवून बघू. ७० वरची झाकणं त्याच मिश्रणात बुडवली. गेटजवळचे तडे गेले, बॉसच्या मुळाशी थोडे उरले. ९५ वरच्या झाकणांवर एकही नव्हता. दोन्ही झाकणं टेबलावर शेजारी ठेवल्यावर चर्चा तिथेच संपली. उत्पादन भरून काढायला पाळीची वेळ वाढवली.

निर्णयाची तिसरी जागा: आधीच बाहेर गेलेला माल

हा सगळ्यात अवघड निर्णय होता. खराब लॉटची झाकणं परत मागवण्यावर दुमत नव्हतं. प्रश्न होता चांगल्या प्लास्टिकच्या, पण थ्रेडलॉकर लागलेल्या जुन्या झाकणांचा. त्यांत एकही तक्रार नव्हती. चाचणीतला दुसरा गट मात्र सांगत होता की तीही कधीतरी तडकू शकतात, आणि झाकणाआड वीज होती. शेवटी लोकांचा हात सहज पोचतो अशा जागांवरची झाकणं तक्रारीची वाट न पाहता बदलली, बाकीच्यांची तपासणी नियमित दुरुस्तीच्या फेरीला जोडली.

निष्पत्ती

नव्या पद्धतीने बनवलेल्या आणि कोरड्या स्क्रूने जोडलेल्या झाकणांत त्यानंतर तडे आलेले नाहीत. भागाचा मेल्ट फ्लो दाण्याच्या जवळ राहतो. तपासणीच्या फेऱ्यांमध्ये जुन्या, चांगल्या लॉटच्या काही झाकणांच्या बॉसभोवती तडे सापडले. ती वेळेत निघाली.

वेगळं काय करता आलं असतं

लॉट बदलून देण्याआधी चार गटांची चाचणी करायला हवी होती. तिला लागणारं सगळं पहिल्या दिवशीही हाताशी होतं. तिच्या आधी माल बदलून दिल्यामुळे तोच बिघाड पुन्हा बाहेर गेला आणि विश्वासही गेला.

गोळा टाकायची चाचणी झाकणाच्या मध्यावर होत होती, जिथे काहीच बिघडलेलं नव्हतं. ती बंद करायचं कारण नाही, पण आता प्रत्येक लॉटमधून काही झाकणं स्क्रू बसवून ठेवली जातात आणि पाळी बदलताना बॉस भिंगाखाली बघितले जातात. प्रत्येक लॉटची थोडी झाकणं तारखेसह जपून ठेवतात. आधी ती ठेवली जात नव्हती. तुलनेसाठी जुनं चांगलं झाकण मिळालं ते एका टेबलाच्या खणात राहून गेलं होतं म्हणून.

बॉसच्या मुळाशी कोपरा अजून तीक्ष्ण आहे. खाचेपुढे पॉलिकार्बोनेट हतबल होतं; थोडी गोलाई दिली तरी ताण बराच पसरतो. डाय पुढच्या दुरुस्तीला जाईल तेव्हा ही गोलाई आणि भोकाच्या तोंडाशी छोटा मोकळा भाग, जेणेकरून पहिला आटा काठावरच घुसणार नाही, असे दोन बदल ठरलेले आहेत. ते होईपर्यंत क्लचचं सेटिंग कोणी हलवू नये म्हणून त्यावर कुलूप आहे.

आणि ड्रॉइंगवर आता एक नवी ओळ आहे: या भागाला वापरात लागणारे सगळे द्रव, स्क्रूवरच्या तेलापासून पुसायच्या क्लीनरपर्यंत, इथे लिहावेत, यादीत नसलेला द्रव वापरायचा असेल तर आधी मोल्डिंगवाल्यांना कळवावं. ती भरून परत आली तेव्हा यादीत जोडणीच्या टेबलांवरची आणखी एक बाटली निघाली, लेबलं काढायला वापरायची. त्यात ॲसिटोन होतं.